हौसाबाईचा चोरीला गेलेला सोमवार

१

चोरी उघडकीला आली बुधवारी, आणि चोरीला गेला होता सोमवार. त्या वेळी मात्र खाजणवाडीतल्या एकालाही ती चोरी वाटली नाही. सगळ्यांना ते म्हातारीचं वेड वाटलं, आणि वेड बघायला माणसं जमतात तशी ती हौसाबाईच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जमली.

साल अठ्ठावन्न, माघ महिना. मालवण कोर्टाचे जज्जसाहेब जातीने पडवीत खुर्ची टाकून बसले होते. हौसाबाईचा पुतण्या भिकाजी याने अर्ज केला होता, की काकीचं डोकं ठिकाणावर नाही. तिचं आणि तिच्या माडांच्या बागेचं बघायला कायद्याप्रमाणे पालक नेमावा. अर्ज रत्नागिरीच्या जिल्हा कोर्टात. रत्नागिरी लांब, म्हणून तिथल्या कोर्टाने चौकशी मालवणवर सोपवली. म्हातारीच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं, तेव्हा जज्जसाहेबांनी दाजी वकिलांना तिच्यातर्फे उभं केलं. दाजी पन्नाशीचे, पोट सुटलेले, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते बाहेरूनच ओळखणारे.

हौसाबाई पाटावर ताठ बसली होती. वय सत्तरीपुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवरा होता तोवर घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसं ओढतात ते मोठं जाळं. आयुष्यभर तिने मासळी विकली आणि गिऱ्हाइकाला कधी शेवटचा शब्द बोलू दिला नाही.

"आजी, तुमचं नाव काय?" जज्जसाहेब साताऱ्याकडचे, हळू आणि स्पष्ट बोलत.

"हौसा. घोवाचा नाव घेवक सांगू नकात, भरल्या खळ्यात लाज वाटता."

खळं हसलं.

"राज्य कोणाचं आहे हल्ली?"

"पयले गोऱ्यांचा होता, आता आपल्यांचा आसा. जाळी धुवची ती आमकाच."

जज्जसाहेबही हसले. म्हातारी पास होणार असा रंग दिसायला लागला. मग त्यांनी सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला.

"आज वार कोणता?"

"सोमार."

"नीट आठवून सांगा."

"आठवचा काय तेच्यात? जन्मभर सोमार पाळलंय, माका नाय कळाचो?"

"आजी, आज बुधवार आहे."

खळ्यात चुकचुकणं झालं. भिकाजीने मान खाली घातली. त्याची बायको सुभद्रा दारातून म्हणाली, "बघा! ह्या असा रोज चलता!" आणि भिकाजीचा धाकटा भाऊ सत्यवान, मुंबईत नोकरीला असलेला, इस्त्रीच्या बुशशर्टातला, पुढे होऊन हात जोडून उभा राहिला.

"साहेब, माझ्या मते काकीला पालकाची गरजच नाही. पण कोर्टाला नेमायचाच असेल, तर दादा नको. या घरात तिच्याशी कसं बोलतात ते आपण आत्ताच ऐकलंत. मी नोकरी सोडून इथे राहीन."

त्याने डोळे पुसले. बायांनीही पुसले.

जज्जसाहेबांनी फर्मावलं, की पुढच्या बुधवारी ते पुन्हा येतील. तोवर म्हातारीला घरातून कोणी हलवायचं नाही, तिचा अंगठा कुठे घ्यायचा नाही, आणि दाजींनी तिची हालहवाल बघून सांगायची. त्यांची पाठ वळताच हौसाबाईने दाजींच्या काळ्या कोटाची बाही पकडली.

"वकिलानू, ह्यो वार चुकलंय तर माका रत्नागिरीक वेड्यांच्या इस्पितळात घालतले. बाग जाऊ दे, पण ह्या घरातसून माका काढतले. आज जर बुधवार आसा, तर माझे दोन दिवस खंय गेले?"

२

दाजींची एक सवय होती. माणूस भेटला की त्याची जमा आणि नावे मनातल्या मनात मांडायची. कोर्टात याचा उपयोग होत असे, लग्नाच्या पंगतीत करमणूक.

पहिला भिकाजी. तो किनाऱ्यावर उलट्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता.

"अर्ज केलंस तो खुशीन?" दाजींनी विचारलं.

"खुशीन कोण करता, वकीलसायब? काकीन माका वाढवल्यान. पण पौषात तेका ताप इलो, चार दिवस शुद्ध नाय होती. तेच्यानंतर ह्यां सुरू झाला. बुधवारी सोमारची वात लावता! शेजारीण आयतवारी येतंय म्हणाली, तर ही मंगळारी वाट बघीत बसली, आणि मगे तेका गाळी."

"बागेवर कोणाचो डोळो?"

"मुंबयचो एक शेठ इललो दिवाळीत. दर्यावर बंगलो होयो तेका. काकीन तेका शहाळा पाजल्यान आणि वाट दाखवल्यान."

"काकीक जेवण कोण वाढता?"

"मी फाटफटी, काळोखात रापणीर जातंय, तो तिनसांजेक येतंय. माका काय म्हायत?"

जमेला : रडवेला आवाज. नावे : आपल्या घरात काय चालतं ते माहीत नाही. अर्थात हा गुन्हा धरला तर मालवण तालुक्यात बाहेर कोण राहील, असं मनाशी म्हणून दाजी स्वयंपाकघराकडे वळले.

सुभद्राच्या नावावर सगळ्या वाडीने आधीच निकाल लिहून ठेवला होता. तोंडाने ती होतीच तशी.

"माका इचारतास?" खोबरं वाटतावाटता ती उसळली. "सगळे माकाच इचारतत! मी तेका उपाशी ठेवतंय असा तुमका वाटता काय? माझा तोंड वायट, हात वायट नाय. रोज दोन वखत रांधतंय. मासे असतत तेवा मासे, सोमारी डाळ-भाजी."

"आणि काकी काय म्हणता?"

"सोमारी मी सांगतंय, काकी, आज सोमार. तर म्हणता, शनवार! बुधवारी सांगतंय बुधवार, तर म्हणता, सोमार! आणि गेल्या सोमारी काय झाला म्हायत आसा? तिच्या पाटाखाली माका बांगड्याचो काटो गावलो! सोमारी! माझ्या घरात!" तिने वरवंटा आपटला. "खंयसून तरी सुके आणून लपवन खाता म्हातारी."

"सुक्या बांगड्याचो काटो?"

सुभद्रा थांबली. वाटण हातातच राहिलं. "नाय," ती सावकाश म्हणाली. "ओल्याचो होतो. कढीतलो."

दाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "ताट तूच घेवन जातंस?"

"मी गेलंय तर भांडणा होतत. तापात भावजी मुंबयसून इले, तेवापासून तेच नेतत, काकीच्या खोलयेत बसान दोघांय जेवतत. बरो माणूस. देवभोळो. बुधवारी मासे नाय खाणत, तेंका वायली, वेगळी डाळ लागता. आणि दर सोमारी सायकल काढून मालवणात महादेवाक जातत."

दाजींना एकाएकी ठसका लागला. सुभद्राने पाणी दिलं. ठसका कसला ते तिला कळलं नाही, आणि दाजींनी सांगितलंही नाही.

३

हौसाबाईची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. पुढे माड आणि दर्या. रस्ता नाही, शेजार नाही. दाजी तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"हौसाबाय, एक सांगा. तुमका दिसणा नाय. मगे वार कळता कसो?"

"तुमका कसो कळता?"

"भिंतीवर तारखांचा कागद आसा, तेच्यावरसून."

"माका ताटावरसून," ती म्हणाली, आणि इतकी साधी गोष्ट विचारतात म्हणून हसली. "वकिलानू, मासे बंद म्हणजे सोमार. थंयसून मोजूचा. मंगळार, बुधवार, बेस्तरवार... सात झाले की परत डाळ. आजपर्यंत चुकलंय नाय. तापात तेवढी हरवलंय. शुद्धीर इलंय तेवा सत्यवानाक इचारलंय, तेणा वार सांगल्यान, आणि ताटान खरो केल्यान."

"सुभद्रा दुसरो वार सांगता ना पण?"

"सुभद्रा? मी उजवा म्हटलंय की ती डावा म्हणता. तिचा ऐकू काय ताटाचा? ताट खोटा कित्याक बोलतला?"

दाजींना वाटलं, आपण उत्तराच्या उंबऱ्यावर आलोय आणि चप्पल सापडत नाही.

"जेवण बरा असता?" त्यांनी उगाच विचारलं. हा प्रश्न त्यांना कुठेही सुचत असे.

"सुभद्राच्या हाताक चव आसा, खोटा कशाक बोला. पण शनवारी तेका काय होता देव जाणे! बाकीचे दिवस कढीत सोलां, आपली आमसुलां, आणि शनवारी चिंच! माशाच्या कढीत चिंच, वकिलानू! आमच्या वाडयेत कोणाच्या सात पिढ्यांत नाय."

तेवढ्यात दार लोटून सत्यवान ताट घेऊन आला. "काकी, सुरमई आणलीय हं," तो लाडाने म्हणाला आणि घास करून तिच्या हातात दिला. काटा काढून दिला. पाण्याचं भांडं तिच्या बोटांना लावून ठेवलं. एवढी सेवा पोटचा मुलगाही करणार नाही असं कोणालाही वाटलं असतं. दाजींनाही वाटलं, आणि म्हणूनच त्यांनी त्याच्या जमेला लिहिता लिहिता हात आखडला. हिशेब एकाच बाजूने भरत चालला की त्यांना बेचैन वाटे.

४

आता दाजींचीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढे जाता येत नाही.

दाजींच्या पत्नी आनंदीबाई सोमवार कडक पाळत. घरात मासळीचा वासही चालत नसे. आणि दाजींना मासे नसले की दुपारपर्यंत जगात काही अर्थ उरत नसे. म्हणून लग्नानंतर थोड्याच काळात ते भाविक झाले. दर सोमवारी "महादेवाला जातो" म्हणून घरून निघायचे, देवळाच्या दिशेने चालायचे, आणि देऊळ यायच्या आधीच बंदराकडच्या गल्लीत वळायचे. तिथे तुकारामाची खानावळ होती. आगबोटीच्या खलाशांसाठी ती सातही वार मासे शिजवत असे.

तर सोमवारी दाजी नेहमीपेक्षा तासभर लवकर आपल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले. तुकारामाने बांगड्याची कढी वाढली. दाजींनी पहिला भुरका घेतला आणि वाटी तशीच तोंडापाशी राहिली.

चिंच.

इतकी वर्षं ते ही कढी पीत होते. तुकाराम कोल्हापुरात हॉटेलात राबून आलेला, तिथून चिंचेची सवय घेऊन आला होता. मालवणात दुसरा कोणी माशाच्या कढीत चिंच घालत नसे.

हौसाबाईचा वार खऱ्या वारापेक्षा दोन दिवस मागे. म्हणजे तिचा शनिवार कोणता? दाजींनी बोटं मोजली. सोमवार!

"तुकाराम," त्यांनी आवाज खाली आणला, "सोमारी ह्या कढयेचो डबो कोण भायर नेता काय रे?"

तुकाराम पाट पुसत राहिला. "दाजीनू, माझ्याकडे सोमारी कोण येता ह्या मी सांगूक लागलंय, तर पयला नाव कोणाचा सांगू?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात गल्लीत सायकलची घंटा वाजली. दाजींनी दाराबाहेर पाहिलं, हातातली वाटी घेतली आणि वकिलीच्या सगळ्या इभ्रतीसकट चुलीमागच्या लाकडांच्या ढिगाआड जाऊन बसले.

"डबा झाला का, तुकारामशेठ?" शुद्ध मुंबईचा आवाज. लाकडांच्या फटीतून दाजींना इस्त्रीचा बुशशर्ट दिसला, डब्यासाठी हात पुढे केलेला. "काटे जरा काढून दिलेत तर बरं. मागच्या वेळी एक राहिला."

५

बुधवारी जज्जसाहेब आले, खळं पुन्हा भरलं. दाजींनी दोन वाट्या मागवल्या होत्या. एका वाटीत सुभद्राची कढी, दुसरीत तुकारामाच्या खानावळीतली, त्याच सकाळची. वासावरून आधीच कळू नये म्हणून दोन्हीवर केळीच्या पानाचे तुकडे झाकले होते. कोणत्या वाटीत काय ते फक्त दाजींना ठाऊक.

"साहेब," दाजी म्हणाले, "बाईंना वार कळत नाही असं नाही. त्या वार ताटावरून ओळखतात. डाळ आली की सोमवार. माझं म्हणणं आहे की त्यांच्या ताटाशी कोणीतरी खेळतो. खऱ्या सोमवारी त्यांना मासे मिळतात, आणि बुधवारी डाळ. ताप उतरल्यापासून असंच चालू आहे."

"ह्या सुभद्राचा काम!" मागून कोणी म्हणालं.

"सुभद्राबाईंनी हे केलं असतं, तर त्या रोज ओरडून खरा वार सांगत बसल्या नसत्या. सोमवारी सापडलेला काटाही त्यांनी मला दाखवून दिला नसता. चोर आपल्याच मुद्देमालाची बोंब मारत नाही. भिकाजी दिवसभर रापणीवर असतो. ताटाला त्याचा हात लागत नाही. हात लागतो एकाचाच. त्याला बुधवारी वेगळी डाळ लागते. ती डाळ काकी जेवते, आणि काकीचे मासे हा."

सगळ्यांच्या माना वळल्या. सत्यवान शांतपणे हसला.

"वकीलसाहेब, मी काकीला घास भरवतो हा गुन्हा झाला का? आणि सोमवारी या घरात मासे येणार कुठून?"

दाजींनी हौसाबाईच्या हातात पहिली वाटी दिली. तिने भुरका घेतला. "ही सुभद्राची. मीठ आज कमी पडला." दारातून सुभद्रा म्हणाली, "पडूक नाय!" दुसरी वाटी दिली. म्हातारीने ओठ चाटले आणि तोंड वाकडं केलं. "ही शनवारची."

जज्जसाहेबांनी दोन्ही चाखून पाहिल्या. साताऱ्याचे असले तरी फरक कळला.

"ही चिंचेची कढी बंदरावरच्या एकाच खानावळीत मिळते," दाजी म्हणाले. "सत्यवान दर सोमवारी महादेवाच्या नावाने जाऊन तिचा डबा आणतो."

सत्यवानाच्या गालावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कोण म्हणतो? तुकाराम? बोलवा त्याला. तो शपथेवर सांगू दे."

त्याला पक्कं ठाऊक होतं की तुकाराम सांगणार नाही. दाजींनाही ठाऊक होतं. तुकारामाने गिऱ्हाइकाचं नाव सांगणं म्हणजे खानावळीला कुलूप.

दाजींनी खळ्यावरून नजर फिरवली. निम्मं मालवण तिथे लोटलं होतं. इथे दुपारी बोललेलं वाक्य माणसाच्या आधी घरी पोचतं, आणि आनंदीबाईंचा भाऊ महादू तर माडाला टेकून पहिल्याच रांगेत उभा. दाजींनी एकदा पाटावरच्या म्हातारीकडे पाहिलं. तिने हातातली वाटी दोन्ही मुठींत आवळून धरली होती.

"मी सांगतो," दाजी म्हणाले. "मी पाहिलं. डबा घेताना, माझ्या डोळ्यांनी. काटे काढून द्या म्हणाला."

"सोमवारी आपण तिथे काय करत होता?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"जेवत होतो, साहेब."

"सोमवारी? मासे?"

"दर सोमवारी, साहेब. लग्न झाल्यापासून. लपायची वेळ आली ती मात्र पहिल्यांदाच. चुलीमागे लाकडं होती, त्यांच्यामागे बसलो होतो. आणि 'सोमवारी महादेवाला जातो' म्हणणाऱ्याचाच संशय मला सर्वांत आधी आला. ही सबब मी चांगली ओळखतो."

खळं असं हसलं की माडावरचे कावळे उडाले. महादूने टोपी तोंडावर धरली. पण सत्यवानाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि खरी साक्ष कशी ओळखायची हे जज्जसाहेबांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको होतं. फायद्यासाठी माणूस खोटं बोलेल. स्वतःची एवढी फजिती करून कोण बोलेल?

भिकाजी पुढे आला. "सायब, अर्ज कर म्हणान माका ह्येणाच सांगल्यान. शिकललो म्हणान मी ऐकलंय. आणि दिवाळीत तो शेठ... तेकाय ह्योच घेवन इललो."

"म्हणजे वेडी ठरवायची भावाकडून," जज्जसाहेब सावकाश म्हणाले, "भावाला वाईट ठरवायचं भावजयीच्या तोंडामुळे, आणि मग पालक व्हायचं आपण. बाग शेठला."

सत्यवान काही बोलायला गेला, तेव्हा हौसाबाईने हात वर केला.

"काटे काढून घास दिलंस रे, सत्या," ती म्हणाली. "तेवढा खरा होता काय?"

सत्यवान गर्दीतून वाट काढत खळ्याबाहेर गेला. त्याच आठवड्यात तो मुंबईच्या आगबोटीत बसला, आणि पोचवायला बंदरावर कोणी गेलं नाही.

६

दाजी त्या दिवशी घरी पोचले तेव्हा आनंदीबाई दारात उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या, हेच भयंकर होतं. "पुढल्या सोमारपासून मीय येतंय महादेवाक," एवढंच म्हणाल्या. आणि आल्या. दाजींनी त्या देवळाचा गाभारा आतून प्रथमच पाहिला. नंदी बराच मोठा निघाला.

जज्जसाहेबांचा अहवाल रत्नागिरीला गेला आणि जिल्हा कोर्टाचा हुकूम आला. तो वाचून दाखवायला दाजी खाजणवाडीला गेले. पडवीत भिकाजी, दारात सुभद्रा, पाटावर हौसाबाई.

"अर्ज फेटाळला," दाजींनी वाचलं. "सदर बाई शहाण्या असून आपला व्यवहार आपण पाहण्यास समर्थ आहेत. त्यांच्या मर्जीवाचून त्यांस घरातून कोणी हलवू नये. त्यांची बाग त्यांच्या मर्जीवाचून कोणी विकू नये."

"परत वाचा," हौसाबाई म्हणाली. दाजींनी परत वाचलं. घरातून हलवू नये, तिथे तिने मान हलवली.

"हौसाबाय, कोर्टान आणखी एक इचारल्यान आसा. डोळे नसलेल्या माणसाक कोणाचा तरी बघणा लागता. तुमका जवळ कोण होया? म्हणात तर गावातलो कोण बघू. आरोंद्याक तुमचे भाचे, भयणीचे झील आसत, तेंका कळवू."

भिकाजी पुढे सरकला, मग अर्ज आठवून मागे सरला.

"सुभद्रा," म्हातारी म्हणाली.

पडवीत कोणाला खरं वाटेना. सर्वांत कमी सुभद्राला.

"माका? काकी, आपला एक दीस तरी पटला आसा काय?"

"पटाक कोणाक होया? गोड बोलणारे मी बघितलंय. तू तोंडार शिवी देयस आणि वार खरो सांगस. रोज. मी ऐकलंय नाय, तो माझो गुन्हो."

सुभद्रा आत गेली. आत बराच वेळ भांडी वाजली, नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती ताट घेऊन बाहेर आली आणि पाटासमोर आदळलंच.

"जेवा आता. मंगळार आसा."

हौसाबाईची बोटं सवयीने ताटाकडे गेली, चाचपायला. वाटेतच ती थांबली. तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"मंगळार तर मंगळार," ती म्हणाली. "वाढ."